वही कोणाच्या ताब्यात? : सावकाराच्या खतावणीपासून घरच्या सर्व्हरपर्यंत

गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्यापुढे येतो आहे. मी इस्लामपुरात वाणिज्य शाखेच्या मुलांना कीर्द-खतावणी शिकवत निवृत्त झालो, त्यामुळे हिशेबाचे काही अडले की ओळखीची माणसे घरी येतात. पूर्वी ती विचारत, पैसे कुठे ठेवावेत? आता विचारतात, ठेवलेल्या पैशांची नोंद कुठे ठेवावी? एकाच घरात बँकेची मुदत ठेव असते, पतसंस्थेची पावती असते, साखर कारखान्याचा शेअर असतो, चार म्युच्युअल फंड असतात, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने घेतलेले काही शेअर असतात आणि थोडे सोने असते. हे सारे एका नजरेत दिसावे म्हणून मोबाईलवर ॲप मिळतात. ती माहिती आपोआप गोळा करतात, भाव लावतात आणि एकूण आकडा दाखवतात. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या संगणकावर बसवायच्या प्रणाली आहेत. त्यांत माहिती घराबाहेर जात नाही. मात्र नोंदी करणे, प्रती काढणे, बिघाड निस्तरणे हे सगळे आपल्यालाच करावे लागते.

या लेखापुरते पहिल्या प्रकाराला मी 'पेढीची वही' म्हणतो आणि दुसऱ्याला 'घरची वही'. यांपैकी कोणती निवडावी हा प्रश्न वरवर संगणकाचा वाटतो. आमच्या वाळवा तालुक्यापुरते बोलायचे तर तो किमान दीडशे वर्षांचा आहे. आपल्या पैशाचा हिशेब दुसऱ्याने लिहायचा की आपण, यावरून या मुलखात वह्या जाळल्या गेल्या, कायदे झाले आणि माणसे तुरुंगातही गेली. तो इतिहास समोर ठेवला तर आजची निवड बरीच सोपी होते, असे माझे मत आहे. (२०२५ मध्ये इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला. ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळाच्या कागदांत इस्लामपूर आहे, म्हणून इथे तेच नाव ठेवले आहे.)

एकच वही आणि तीही त्याचीच

आज सांगली जिल्ह्यात असलेला वाळवा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. इंग्रजी अमदानीत शिराळा हा वाळवा तालुक्याचाच पेटा होता. कृष्णा आणि वारणा यांच्यामधली ही जमीन चांगली, पण शेतसारा रोखीत भरायचा आणि पीक हाती यायला वेळ, त्यामुळे कुळाला सावकार चुकत नसे.

या देण्याघेण्याची नोंद सावकाराच्या कीर्दीत होई. रोजचा व्यवहार कीर्दीत, तिथून कुळाच्या नावाने खतावणीत, आणि रक्कम मोठी असली की वेगळा कर्जरोखा. कुळाजवळ यातले काहीच नसे. लिपी मोडी किंवा व्यापाऱ्यांची खास वळणाची. ती कुळाला वाचता येत नसे. सुगीत धान्य घातले त्याचा भाव काय लावला, ते व्याजात जमा केले की मुद्दलात, हे कुळाला सावकार सांगेल तेवढेच कळे. हिशेबाच्या शास्त्राप्रमाणे प्रत्येक व्यवहाराला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. इथे दोन्ही बाजू एकच हात लिहीत होता आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला फक्त अंगठा उमटवायचा अधिकार होता.

जुन्या पद्धतीत निदान गावाची लाज आणि सावकाराची कुळावरची गरज यांचा काही दाब असे. इंग्रजी न्यायालये आल्यावर कागदाचे वजन एकदम वाढले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षे चढू नये. झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. त्यात जुने मुद्दल आणि चढलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई, आणि त्यावर पुन्हा व्याज. न्यायाधीशापुढे येई तो शेवटचा रोखा. आधीची साखळी दाखवायला कुळाजवळ चिटोराही नसे. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचा संबंध विद्येच्या अभावाशी जोडला, त्यामागे असे असंख्य कागद होते.

जाळायचे ते कागद

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, दख्खनच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव पडले, शेतसारा मात्र वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. तिथून लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते सातारा जिल्ह्यात कुकरूडला पोचले. कुकरूड म्हणजे आमच्या शिराळ्याच्या डोंगराळ पट्ट्यातले गाव. तिथेही लोकांनी सावकाराचे कागद जाळले.

या दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्या अहवालातून एक गोष्ट स्पष्ट होते. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या रोख्यांवर, हुकूमनाम्यांवर आणि वह्यांवर होता. जिथे कागद मुकाट्याने हाती दिले तिथे मारहाण बहुधा झाली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे निरक्षर लोक, पण आपल्या दारिद्र्याचे मूळ नेमके कोणत्या वस्तूत आहे हे त्यांना बिनचूक कळले होते. जी वही आपल्याला वाचता येत नाही, तपासता येत नाही आणि जिच्या तोडीस तोड दुसरी वही आपल्याजवळ नाही, ती त्यांना जाळावीशी वाटली.

कायद्याने दिलेली दुसरी वही

या उद्रेकातून १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा, जन्माला आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे इस्लामपूर पहिल्या दिवसापासून त्याच्या कक्षेत होते. न्यायालयाने शेवटच्या रोख्यावर न थांबता मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब काढावा, ही त्यातली गाजलेली तरतूद. या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले, हेही अनेकांना माहीत असते.

माझ्या विषयाच्या दृष्टीने याच कायद्यातली कमी चर्चिलेली तीन कलमे महत्त्वाची आहेत. ६४ व्या कलमाने सांगितले की शेतकऱ्याने कर्जापोटी पैसे दिले की घेणाऱ्याने लेखी पावती द्यायची, मग शेतकरी मागो वा न मागो. ६५ व्या कलमाने वर्षातून एकदा खात्याचा लेखी उतारा मागण्याचा हक्क दिला. ६६ व्या कलमाने आपले खाते पासबुकात मांडून मागण्याचा हक्क दिला. ही कलमे न पाळणाऱ्याला दंड होता.

आज आपण बँकेचे पासबुक इतके गृहीत धरतो की त्यामागचा विचार विसरतो. पासबुक म्हणजे दुसऱ्याच्या खतावणीतल्या आपल्या पानाची आपल्या घरातली प्रत. सावकाराची वही सावकाराकडेच राहील, पण तिची प्रत कुळाच्या खुंटीला टांगलेली असेल आणि दोन्हींत फरक पडला तर तो दाखवता येईल, अशी ही कल्पना होती. हिशेबाच्या भाषेत यालाच ताळमेळ म्हणतात.

मात्र पावतीचे कलम आणि उरलेली दोन कलमे यांत एक फरक आहे. पावती न मागता द्यायची होती; उतारा आणि पासबुक मागितले तर मिळायचे होते. ज्याला अक्षर ओळखता येत नाही आणि पुढच्या पेरणीला ज्याच्याच दारात जायचे आहे, तो त्या दारात उभा राहून वार्षिक उतारा कसा मागणार? हक्क कायद्यात होता. तो बजावण्यासाठी लागणारी साक्षरता आणि पाठीचा कणा मात्र कायद्याने मिळत नव्हता. आजच्या प्रश्नाकडे वळताना हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

पासबुकाचे शतक

पुढची शंभर वर्षे ही दुसरी वही घरोघर पोचण्याची आहेत. १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक सुरू झाली आणि पासबुक ही वस्तू सरकारी शिक्क्यासह खेड्यात आली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपुरवठा सोसायट्यांना वाट करून दिली. वहीच्या मालकीचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. १९४२ च्या चळवळीनंतर सातारा भागात प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. प्रतिसरकारच्या लोकन्यायालयांपुढे गहाण जमिनींची आणि सावकारी देण्यांची प्रकरणे येत. पुन्हा तोच मुद्दा: कागद काय म्हणतो आणि खरे काय घडले.

स्वातंत्र्यानंतर सहकाराने एक वेगळा प्रयोग केला. साखराळ्याला आज राजारामबापू पाटील यांचे नाव असलेला कारखाना उभा राहिला, वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने हुतात्मा कारखाना उभा राहिला, गावोगावी विकास सोसायट्या झाल्या. इथे खतावणी लिहिणारी पेढी सभासदाच्याच मालकीची होती. ऊस उत्पादकाला बिलाची पट्टी मिळू लागली: टन किती, दर किती, सोसायटीची वसुली किती, हाती किती.

तरीही आमच्या भागातल्या शेतकऱ्याने एक जुनी सवय सोडली नाही. संस्था आपली असली तरी तो मनात स्वतःचा हिशेब ठेवतो. उसाच्या वजनावरून होणारा वाद हे त्याचे उत्तम उदाहरण. उसाची गाडी बाहेरच्या काट्यावर वजन करून मग कारखान्यात न्यायची मुभा असावी, ही शेतकरी संघटनांची मागणी वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती करणारा प्रत्येक जण कारखान्याला चोर ठरवत नाही. दोन काट्यांचे आकडे जुळले तर तंटा उरत नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. १८७९ च्या कायद्याने पासबुकाकडून जी अपेक्षा केली तीच तो काट्याकडून करतो.

कागद गेला, नोंद उरली

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती. माल जमिनीखाली आणि व्यवहार मात्र वर कागदावर, अशी ती व्यवस्था. शेअर बाजारात हीच गोष्ट १९९६ नंतर पूर्णत्वाला गेली. तोवर शेअर म्हणजे छापील प्रमाणपत्र. ते हरवे, कसर लागे, सही जुळली नाही म्हणून परत येई, बनावटही निघे. मात्र ते लोखंडी पेटीत होते म्हणजे आपले होते. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर त्या वर्षअखेरीस एनएसडीएल आणि १९९९ मध्ये सीडीएसएल सुरू झाली. २०१९ च्या एप्रिलपासून नोंदणीकृत कंपन्यांच्या कागदी शेअरचे साधे हस्तांतरण बंद झाले. आज शेअर म्हणजे डिपॉझिटरीच्या संगणकातली एक ओळ आहे.

हा बदल निकडीचा होता हे १९९२ च्या रोखे घोटाळ्याने आधीच दाखवून दिले होते. हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले त्याच्या मुळाशी ताळमेळाचाच प्रश्न होता. स्टेट बँकेच्या वहीतले सरकारी रोखे आणि रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसातल्या नोंदी जुळत नव्हत्या. दोन्ही संस्था सरकारी, दोन्हींकडे वह्या. त्या वेळच्या वेळी कोणी समोरासमोर ठेवल्या नव्हत्या.

संगणक आल्यावर धोका संपला असे मात्र नाही. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंगविरुद्ध अंतरिम आदेश काढला. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा वापर करून त्यांचे शेअर दलालाच्या स्वतःच्या खात्यात आणले गेले होते आणि ते तारण ठेवून कर्जे उचलली गेली होती. रक्कम दोन हजार कोटींच्या वर होती. पुढच्या काही दिवसांत ऐंशी हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत वळवले गेले. इथे हिशेबाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे काही आहे. दलालाच्या पडद्यावर ग्राहकाला काय दिसते ही एक नोंद, डिपॉझिटरीच्या वहीत काय आहे ही दुसरी. दलालाचे ॲप ही खिडकी आहे, डिपॉझिटरी ही मूळ खतावणी. मूळ खतावणीचा उतारा २०१५ पासून एकत्रित विवरण म्हणून थेट गुंतवणूकदाराला मिळू लागला आहे. कायद्याच्या ६५ व्या कलमातला वार्षिक उतारा आता न मागता ईमेलने येतो, आणि आपण तो उघडतही नाही.

मूळ खतावणीत नसलेले रकाने

कोणी म्हणेल, मूळ खतावणी सुरक्षित आहे, तिचा उतारा येतो, मग आपली वही हवी कशाला? उत्तर साधे आहे. डिपॉझिटरीला ठाऊक असते की तुमच्याजवळ शेअर किती आहेत. ते तुम्ही कितीला घेतले हे तिच्या उताऱ्यात नसते.

हा रकाना पैशांचा असतो. २०१८ च्या अर्थसंकल्पाने शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर आणला. जुन्या खरेदीसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव विचारात घ्यायची सवलत दिली. २३ जुलै २०२४ पासून हा दर १२.५ टक्के आणि वार्षिक करमुक्त मर्यादा सव्वा लाख झाली. वारसाने आलेल्या शेअरची किंमत धरताना आधीच्या मालकाची खरेदी पाहावी लागते. वडिलांनी कधी घेतले, बोनस कधी आला, एका शेअरचे पाच कधी झाले, हे कोणी लिहून ठेवले नसेल तर हिशेब अडतो. एका दलालाकडून दुसऱ्याकडे खाते हलवले की नव्या ॲपमध्ये खरेदीचा भाव बहुतेकदा कोरा येतो किंवा चुकीचा धरला जातो, आणि त्यावर काढलेला नफा-तोट्याचा सुंदर आलेख अर्थहीन होतो.

दुसरा रकाना वारसांचा. सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही तर तो आणि बहुतेकदा ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. दहा वर्षे हालचाल नसलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू करावे लागले. हे पैसे परत मिळू शकतात, पण मुळात ते आहेत हे कोणाला तरी माहीत असावे लागते. सहकारी सोसायटीचा शेअर, पतसंस्थेची पावती, भिशीतली रक्कम, भावाला हातउसने दिलेले पैसे हे तर कोणत्याच ॲपला आपोआप सापडत नाहीत. आमच्या भागात घरच्या संपत्तीचा मोठा हिस्सा नेमका इथे असतो.

पेढीच्या वहीचे गुणदोष

एवढे झाल्यावर आजच्या दोन पर्यायांकडे वळू. पेढीच्या वहीचा गुण म्हणजे ती स्वतः लिहिली जाते. ज्याला रोज नोंद करायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी आपोआप भरणारी अपुरी वही न लिहिलेल्या पूर्ण वहीपेक्षा बरी. माहिती गोळा करण्याची पद्धतही सुधारली आहे. पूर्वी काही ॲप आपले मेसेज आणि ईमेल वाचत. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केलेली आणि २०२१ मध्ये प्रत्यक्षात आलेली अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था संमतीवर चालते: कोणती माहिती, कोणाला, किती काळ, हे आपण ठरवतो आणि संमती मागेही घेऊ शकतो.

दोष दोन. एक, फुकट वहीची किंमत कोणीतरी मोजत असते. आपल्या ठेवीची मुदत केव्हा संपते हे ज्याला कळते तो त्याच दिवशी कर्ज, विमा किंवा दुसरा फंड घेऊन पुढे उभा राहतो. दुसरा, पेढी उठू शकते. मायक्रोसॉफ्टने 'मनी' या हिशेबप्रणालीची विक्री २००९ मध्ये थांबवली. गुगल फायनान्समधील गुंतवणूक-यादीची सोय २०१७ च्या शेवटी गेली. अमेरिकेत लाखो लोक वापरत असलेली 'मिंट' ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली, २००९ मध्ये इंट्यूट कंपनीने विकत घेतली आणि मार्च २०२४ मध्ये बंद केली. ग्राहकांचे पैसे यात कुठे गेले नाहीत. गेला तो वर्षांचा मांडलेला हिशेब, ज्यांनी आपली प्रत काढून ठेवली नव्हती त्यांचा.

घरच्या वहीचे गुणदोष

घरच्या वहीची परंपराही आता पंचवीस वर्षांपलीकडची आहे. 'ग्नूकॅश' १९९८ पासून उपलब्ध आहे. जॉन विगली यांनी २००३ मध्ये 'लेजर' ही प्रणाली लिहिली. तिच्यात सारा हिशेब साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जमा-नावे पद्धतीने राहतो. तिच्याच पायावर 'पैसा' नावाची मुक्त प्रणाली आहे. 'घोस्टफोलिओ' आणि 'पोर्टफोलिओ परफॉर्मन्स' अशा इतरही आहेत. फंडांचे रोजचे मूल्य ॲम्फी प्रसिद्ध करते आणि शेअर बाजार रोज भावांची फाइल देतो. तिला बाजारातले लोक आजही 'भावकॉपी' म्हणतात. म्हणजे लागणारा कच्चा माल उघडा आहे.

या वहीचा मोठा गुण माझ्या मते गुप्ततेपेक्षाही टिकाऊपणाचा आहे. साध्या मजकुराची फाइल तीस वर्षांनीही कोणत्याही संगणकावर उघडेल. नाहीच तर छापून वाचता येईल. तिच्यात हातउसन्यापासून कारखान्याच्या शेअरपर्यंत काहीही लिहिता येते.

दोष इथेही जुनेच आहेत. कृष्णा-वारणेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये या जिल्ह्याला दाखवून दिले की घरात ठेवलेली एकुलती एक प्रत म्हणजे प्रत नव्हे. माळ्यावर चढवता न आलेल्या पेट्यांतले सातबारे, पावत्या आणि पासबुके चिखलात गेली. घरचा सर्व्हर ही तशीच एक पेटी आहे. दुसरा दोष माणसांचा. ओळखीच्या एका घरात पुण्याहून आलेल्या मुलाने वडिलांना उत्साहाने सांगितले, "आबा, आता सगळं आपल्याच घरात. बाहेर काही जात नाही." आबा म्हणाले, "ते खरं रं, पर ते बंद पडलं आन्‌ तू तिकडं असलास, तर मला काय दिसायचं?" मला त्या घरातल्या सगळ्या चर्चेत हाच प्रश्न सर्वांत नेमका वाटला. ज्या घरात वही एकालाच उघडता येते तिथे तो मुलगा, नकळत आणि प्रेमापोटी, मोडी लिहिणाऱ्या सावकाराच्या जागी बसतो. बाकीच्यांनी त्याच्या सांगण्यावर अंगठा उमटवायचा.

मग निवड कशी करावी?

इतिहासाने मला दिलेले उत्तर असे आहे. वही घरची की पेढीची, यापेक्षा वह्या दोन आहेत का आणि त्या कोणी जुळवून पाहतो का, हे महत्त्वाचे. सावकाराच्या काळात कुळ बुडाले ते वही दुसऱ्याकडे होती एवढ्यामुळे नव्हे; दुसरी वही नव्हती आणि असती तरी वाचणारा नव्हता. १९९२ मध्ये वह्या होत्या, त्या जुळवल्या गेल्या नाहीत.

म्हणून जे विचारतात त्यांना मी पुढील क्रम सांगतो. सोय हवी असेल तर पेढीची वही खुशाल वापरावी, पण दर तीन महिन्यांनी तिच्यातली माहिती उतरवून घ्यावी. जी सेवा अशी प्रत साध्या फाइलमध्ये देत नाही ती घेऊ नये. ॲपचा आकडा डिपॉझिटरीच्या आणि फंडाच्या एकत्रित विवरणाशी वर्षातून दोनदा तरी पडताळावा. दलालाच्या पडद्याला मूळ खतावणी समजू नये. खरेदीची तारीख, भाव, बोनस आणि विभागणी यांची नोंद मात्र स्वतःच्या हाताने करावी, मग ती लेजरच्या फाइलमध्ये असो, साध्या तक्त्यात असो किंवा लाल बांधणीच्या वहीत. घरी सर्व्हर बसवायचा असेल तर दोन अटी: एक प्रत दुसऱ्या गावी असावी, आणि घरातल्या आणखी एका माणसाने ती स्वतः उघडून दाखवलेली असावी. ही दुसरी अट पुरी होत नसेल तर कागदी वही श्रेष्ठ.

आपली वही काय करू शकत नाही हेही सांगायला हवे. पेढीच बुडाली तर तुमच्या नोंदी पैसे परत आणत नाहीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, मग पासबुक कितीही व्यवस्थित असो. वहीने येणे सिद्ध होते, वसूल होत नाही. मात्र येणे सिद्ध करता न आल्यामुळे काय होते, हे दीडशे वर्षांपूर्वी या चार जिल्ह्यांनी पुरेसे भोगले आहे.

कुकरूडच्या लोकांनी कागद जाळले, कारण ते वाचण्याचा मार्ग त्यांना बंद होता. चार वर्षांनी कायद्याने उतारा मागण्याचा हक्क दिला आणि तो मागायला लागणारे बळ मिळायला पुढच्या दोन-तीन पिढ्या शाळेत जाव्या लागल्या. आज वाळवा तालुक्यातल्या बहुतेक घरांत वाचता येणारे कोणी ना कोणी आहे, आणि उतारा न मागता दारात येतो. तो उघडून आपल्या वहीशी ताडून पाहायला महिन्याला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास कोणतेही ॲप आणि कोणताही सर्व्हर आपल्याऐवजी देऊ शकत नाही.